बंगल्यावरला चंदर आणि हद्दीवरला नाका

आमच्या टोकावड्याकडची माणसं कामाला जातात ती दोनच दिशांना. खाली कल्याणला, नाहीतर माळशेज चढून वर देशावर. घाटापलीकडच्या मुलखाला आम्ही देश म्हणतो, आमचे आजेही म्हणायचे. उत्तरेला वाडा ओलांडून राज्याच्या हद्दीपर्यंत जायचं आपल्याला काय काम? मला पडलं. पौषात तीन दिवस मी त्या वाटेवर होतो. परत आलो तर गावात दोन गोष्टी तयार. कोणी म्हणतो पाटलाने साहेबाला दम दिला, कोणी म्हणतो पाटील साहेबाच्या पाया पडला. दोन्ही खोटं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पोलीस पाटील म्हणून एकतीस वर्षं गावाची वर्दी मी माझ्या हाताने लिहिली, एकदाही मास्तराला बोलावलं नाही. हेही मीच लिहितो आहे. हद्दीवरच्या त्या नाक्याचं नाव मात्र लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

गाव, मंगळवार सकाळ

अंगणात उन्हाला बसलो होतो तेव्हा फोन वाजला. पलीकडून हिंदीत आवाज आला, "पुलिस पाटील बोलता है क्या?"

"बोलतोय," मी म्हटलं.

"एक आदमी रोका है हद्द के नाके पे. चंदर नाम बोलता है. कागद एक भी नहीं. कल तीन बजे गाडी आएगी, जिनका कागद नहीं उनको आगे भेजने का है. उसके पहले पहचान लेके आओ."

"आगे म्हंजे कुठं?"

"वो ऊपरवाले देखेंगे," म्हणाला आणि फोन ठेवला.

"बोलतोय" म्हणालो ते खोटं होतं. ते इथेच लिहून मोकळा होतो. मी निवृत्त झालो त्याला चौदा वर्षं झाली. पहिली आठ वर्षं सरकारने जागा भरलीच नाही, लोक माझ्याकडेच येत राहिले. मग परीक्षा निघाली. माझा मुलगा दत्तू बसला, आणि पास झाली आमच्या भावकीतली सून, मनीषा. तेव्हापासून तिच्या ओट्यावर मी पाय ठेवलेला नव्हता. शाळेच्या भिंतीवर 'पोलीस पाटील' असं रंगवून खाली माझाच नंबर आहे. तो बदलायला ती दोनदा रंगारी घेऊन आली, दोन्ही वेळा मी त्याला हाकलला. भिंत शाळेची असेल, अक्षरं माझी आहेत, असं सांगितलं.

चंदरला आकडे तेवढे कळतात, वाचता येत नाही. तो कातकरवाडीतला. गावाबाहेर मुंबईच्या एका शेठचा फार्महाऊस आहे, आम्ही त्याला नुसतं बंगला म्हणतो. चंदर सहा वर्षं तिथे राखणीला होता. वाडीत आणखी दोन चंदर आहेत, म्हणून याचं नाव पडलं बंगल्यावरला चंदर. रोज त्या भिंतीसमोरून जाऊन जाऊन माझ्या नंबराचे आकडे त्याला नक्षीसारखे पाठ झाले होते, तेच त्याने नाक्यावर सांगितले असणार. गेल्या वर्षी शेठने बंगल्याला कुलूप घातलं. कामावर ठेवताना चंदरचं आधार कार्ड घेतलं होतं, ते कुलपाच्या आतच राहिलं. यंदा तो कांदे लावायला देशावर गेला होता. तिथून हद्दीपर्यंत कसा पोचला ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वाडीवर गेलो. त्याची बायको बुधी चुलीपुढे होती. ऐकलं आणि हातातली लाकडं तशीच धरून उभी राहिली.

"पुढं नेला तं मंग आनायचा कुठशी, पाटीलबा?"

मी म्हटलं, "नेतील कशाला? मी चाललोय ना."

बुधी माझ्यामागोमाग घरी आली. तिथे दत्तू वाशिंदच्या कंपनीत निघाला होता. तो म्हणाला, "तात्या, आधी मनीषावहिनीकडून दाखला घ्या. पाच मिनटाचं काम हाय."

"एकतीस वर्षं माझ्या शब्दावर माणसं सुटली आणि धरली. मला तिचा कागद नको. आणि बुधे, तू बी तिला मधी आनू नको."

पत्र्याच्या पेटीतून नेमणुकीचा कागद आणि ओळखपत्र काढलं, धोतर नेसलं, कोट घातला आणि बुधीला घेऊन निघालो. हट्टाने माणूस उठतो आणि हट्टानेच आपटतो. पण आपटेपर्यंत ते कळत नाही.

सरळगाव, किन्हवली, शहापूर

टोकावड्याहून एसटीने सरळगावला उतरलो, तिथून किन्हवलीमार्गे शहापूरची गाडी. दोन्हीकडे भात झोडून झालेलं, खळी रिकामी, वालाच्या शेंगा धरलेल्या. एरवी या वाटेने जाताना कोणाचं पीक कसं आहे ते मी मोठ्याने बोलत जातो. त्या दिवशी बोलायला कोणी नव्हतं. बुधी खिडकीशी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सासऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड, ते पावसात भिजून नावाचा निळा डाग झालेला.

किन्हवलीच्या अलीकडे ती बाहेर बघतच म्हणाली, "माझा सासरा तुमच्याकडं दाखल्याला आलता. तीनदा."

"आला असंल."

"तुमी बोल्लात, तुमी आज हितं, उद्या वीटभट्टीवर. तुमाला कसला रहिवासी दाखला? वहीत फिरस्ते लिवलंत."

मी तसं म्हणालो होतो, ते खरं. माझ्या वहीत वाडीपुढे तोच शब्द होता. माझ्या आधीच्या पाटलानेही तोच लिहिला होता, मी उतरवून काढला. पावसाळ्यात ते इथेच असतात, त्यांचं मरण आणि बारसं इथेच होतं, हे मला दिसत होतं. पण वहीत तो रकाना नव्हता.

"जुनं कशाला काढतेस?" मी म्हटलं.

"नाय काढत," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मला ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शहापूरच्या स्टँडवर भजी घेतली. तिथे भिंतीवर मोठा फलक लावला होता. राज्याच्या हद्दीवर नवे नाके, नवे कॅमेरे, नव्या गाड्या, खाली हसरे चेहरे. माझ्या उमेदीत आमच्या सगळ्या भागाला एक जीप होती. ती उताराला लावावी लागे. एकदा नदीत बुडालेला माणूस शोधायला ती आली तर अर्ध्या वाटेत बसली, गावातल्या पंधरा जणांनी ढकलत आणली. आम्ही ढकलत होतो आणि आतले हवालदार आम्हाला "जोर लावा" म्हणत होते. फलक बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, चला, सरकारने कुठंतरी गाडी तरी दिली.

वाड्याच्या अलीकडे

वाड्याची एसटी अघईच्या पुढे चढणीवर तापली आणि बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाकडे असा बघत होता जसा वैद्य मेलेल्याची नाडी बघतो. दुसरी गाडी येता येता दिवस कलला. मी रस्त्याच्या कडेने येरझारा घालत होतो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळीने बांधला, शंभर पावलांवर पुन्हा तुटला. शेवटी ती चप्पल मी पळसाच्या बुंध्याशी ठेवली. एका पायात चप्पल घालून पाटील फिरला तर लोक हसतील, म्हणून दुसरीही ठेवली.

पुढची जीप मिळाली ती वाड्याच्या अलीकडेच रिकामी झाली. बुधी म्हणाली, "हितं माझी भयीन दिलेय. रातचं हितंच ऱ्हाऊ. सकाळी पयल्या जीपनं निघू."

आता हे लिहायला हवं. माझ्या गावची कातकरवाडी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे मी पंचनाम्याला गेलो, मतदानाच्या चिठ्ठ्या घेऊन गेलो, भांडण मिटवायला गेलो. पाणी कधी प्यायलो नाही. आमच्यात पीत नाहीत, एवढंच कारण. बुधीच्या बहिणीचं नाव सोमी. कुडाचं घर, लख्ख सारवलेलं. तिने मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी घसा कोरडा असताना तो तांब्या हातात धरून बसलो. सोमी बघत होती.

"आमच्यातलं चालत नसंल तं बाह्यर हापसा हाये, बाबा," ती साधेपणाने म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच लागलं. मी प्यायलो.

मग तिने नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण वाढलं. आमच्याकडे खेकड्यात खोबरं भाजून घालतात. इथे नुसती मिरची, लसूण आणि कसलासा आंबट पाला. नांग्या दाताने फोडायला मला जमेना, तर सोमीने वरवंट्याने फोडून दिल्या, जशा म्हाताऱ्या बापाला देतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बुधीने एक घास खाल्ला नाही.

"खा की," सोमी म्हणाली.

"त्यानं खाल्लं का नाय काय म्हाईत," बुधी म्हणाली, आणि ताट तिने सरकवून ठेवलं.

हद्द, बुधवार

दुसऱ्या दिवशी दोन जीपा बदलून आणि टेकड्या ओलांडून दुपारी एकच्या पुढे नाक्यावर पोचलो. हद्द म्हटल्यावर मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल, डोंगर, नदी, निदान तटबंदी. गावाच्या शिवेवर आम्ही शेंदूर लावलेला दगड ठेवतो, दसऱ्याला तिथे जातो. इथे एक मोरी होती, कोरड्या ओढ्यावरची. अलीकडे आपलं राज्य, पलीकडे त्यांचं, आणि मोरीवर एक चहाची टपरी, ती कोणाचीच नव्हती. टपरीवाला दोन्हीकडच्या भाषांत पैसे मागत होता.

नाका मात्र नवा कोरा. रंगीत कमान, वर-खाली होणारा दांडा, खांबांवर कॅमेरे, एक मोठं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं. टपरीवाल्याला मी विचारलं, "ते काय?"

"ट्रकच्या आतलं दिसतं म्हणतात. आलं तेव्हापासून ताडपत्रीच बघतोय आम्ही. चालवणारा माणूस यायचाय." मग हळूच म्हणाला, "बाबा, एवढे डोळे आहेत खांबावर, पण संडासाला कुलूप. रात्रपाळीचे पोलीस माझ्याच टपरीमागे पाणी मागतात."

कमानीच्या बाजूला पत्र्याची शेड. आत आठ-दहा माणसं जमिनीवर बसलेली. चंदर कडेला, गुडघे पोटाशी. त्याने बुधीला पाहिलं आणि उठायला गेला, शिपायाने हातानेच बस म्हटलं. तो बसला.

साहेब तरुण होता, डोळे झोपेने लाल. बोलण्यावरून विदर्भाकडचा. मी पेटीतले कागद पुढे ठेवले, छाती काढून उभा राहिलो. तेव्हा मला आठवलं की पायांत चपला नाहीत.

"मी पोलीस पाटील. हा माणूस माझ्या गावचा. माझी जबाबदारी. सोडा त्याला."

साहेबाने ओळखपत्र उलटंपालटं केलं. "बाबा, याची मुदत संपून चौदा वर्षं झाली."

"मुदत संपली म्हणून माणूस संपत नाय."

"माणूस नाही, पण अधिकार संपतो. काल फोनवर तुम्हीच पाटील म्हणून बोलले ना? याला काय म्हणतात माहीत आहे तुम्हाला? तोतयेगिरी. मी लिहिलं तर तुम्हीही त्या शेडमध्ये बसाल."

पन्नास माणसांसमोर मी फौजदारांशी वाद घातलेले आहेत, पण या पोराने आवाजही चढवला नव्हता. मी म्हटलं, "त्याला धरलाय कशाखाली ते तरी दावा."

त्याने वही माझ्याकडे फिरवली. कोण्या हिंदी शिपायाने लिहिलेली होती. नाव, चंदर. मूळ गाव, बांगला. कुठून आला, देश. आणि कोणीतरी दोन्ही शब्द लाल शाईने जोडले होते.

मी ते दोनदा वाचलं. बांगला. देश. पहिल्यांदा मला हसू आलं. मग चंदरकडे नजर गेली आणि हसू गेलं.

"साहेब," मी म्हटलं, "ह्याला विचारलं कसं?"

बाजूचा शिपाई म्हणाला, "टेम्पो में बैठा था, भाजी का माल लेके. किधर का है पूछा, तो बोला बंगले का. कहाँ से आया, तो बोला देश से. दो बार पूछा, वही बोला. टेम्पोवाला बोला मैं तो रास्ते से हमाल उठाया, पहचानता नहीं. और चला गया."

"अरे बंगला म्हंजे बंगला! शेठचा बंगला! राखणीला होता तिथं. गावात त्याला बंगल्यावरला चंदरच म्हंतात. आन देश म्हंजे आमचा देश. घाटावरचा. जुन्नर, ओतूर. कांदे लावायला गेलता तो!"

साहेबाने विचारलं, "जुन्नरला देश कोण म्हणतं?"

"आमी म्हंतो. आख्खं कोकण म्हंतं."

"आमच्याकडे नाही म्हणत. आमच्याकडे देश म्हणजे देश."

तेव्हा बुधी पुढे आली. आतापर्यंत ती दाराशी उभी होती. "साहेब, येवढं डोळं लावलंत खांबाखांबाला. कान येक बी नाय लावलात?"

शिपाई तिला गप्प करायला उठला. साहेबाने त्याला थांबवलं. वही स्वतःकडे ओढून तो म्हणाला, "ताई, हद्दीसाठी पैसा आला तो वस्तूंचा आला. इथल्या बोलीचा एक माणूस द्या म्हणून मी तीनदा लिहिलं. माणसाला मंजुरी नाही." माझ्याकडे वळून म्हणाला, "मला तुमचं पटून राहिलं, बाबा. पण लाल शाईनं लिहिलेलं मी तोंडी खोडू शकत नाही. आजच्या पोलीस पाटलाचा सही-शिक्क्याचा दाखला पाहिजे आणि मतदार यादीचं पान. फोटो चालेल. तीनच्या आत."

घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती.

आजच्या पोलीस पाटलाचा. मी बाहेर येऊन मोरीच्या कठड्यावर बसलो. मनीषाचा नंबर माझ्याकडे नव्हता. भिंतीवर तो असता तर निदान डोळ्यांपुढे आला असता, भिंतीवर मीच येऊ दिला नव्हता. दत्तूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, कंपनीत फोन पेटीत ठेवायला लावतात. पुन्हा लावला. माझ्या फोनवर पलीकडच्या राज्याचं नाव दिसायला लागलं, मग अलीकडच्याचं, मग काहीच नाही.

बुधी येऊन समोर उभी राहिली. "पाटीलबा, शिव्या घालनार नसाल तं सांगते."

"बोल."

"मनीषाताईचा नंबर हाये माझ्यात. वाडीतल्या समद्या बायांना दिलाय तिनं. मी सकाळी सोमीकडनं फोन केलता. तुमी नको बोल्लात तरी केला."

"मग?"

"कागद करून बसलेय ती. पन धाडायचा कुठं? तुमच्या फोनात फोटू येत नाय, माझ्यात येत नाय. साहेबाचा नंबर पायजे. आन तुमाला सांगितल्याबिगर मी साहेबाकडं गेले असते तं तुमी मधीच उठून घरला गेले असतात."

ती खरं बोलली. गेलो असतो.

तेवढ्यात कमानीपाशी निळी गाडी येऊन उभी राहिली. तीन वाजले नव्हते. शिपाई शेडमधल्या माणसांना रांगेत उभं करायला लागला. बुधीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. तिने स्वतः बोलावं असं तिला वाटलं नाही. मागायचं तर मीच मागायला हवं, हे मला कळलं.

"हॅलो, कोण?" मनीषाचा आवाज.

मी एकतीस वर्षं फोनवर 'पाटील बोलतोय' असंच म्हणत आलो. तेच जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"पाटील," मी म्हटलं, "मी सखाराम बोलतोय. माजी."

पलीकडून, "बोला, तात्या. चंदर दिसला का?"

"दिसला. गाडीत घालाय लागलेत. तुझा दाखला पायजे. माझा चालत नाय."

"साहेबाला फोन द्या. धावत जा, तात्या."

मी धावलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस खडीवरून अनवाणी जेवढा धावू शकतो तेवढा. साहेबाने फोन घेतला. मनीषा त्याच्याशी काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही, पण तिचा आवाज कापत नव्हता. साहेब दोनदा "हो मॅडम" म्हणाला आणि स्वतःचा नंबर सांगितला. मग आम्ही त्याच्या फोनकडे बघत उभे राहिलो. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. शेडमधली पहिली दोन माणसं गाडीत चढली. तिसरा चढला. चंदर पाचवा होता.

"नेटवर्क मोरीवर येतं, साहेब, टपरीच्या बाजूला," टपरीवाला ओरडला.

साहेब दुसऱ्या कोणालाही पाठवू शकला असता. तो स्वतः पळाला. मोरीच्या मध्यावर, दोन्ही राज्यांच्या मध्ये, हात वर करून उभा राहिला. चंदरचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता तेव्हा मोरीवरून हाक आली, "पाचवा थांबव!"

शिपायाने चंदरच्या दंडाला धरून त्याला खाली घेतलं. बुधीने त्याचा दुसरा दंड धरला.

साहेबाने मला फोनवरचा दाखला वाचायला दिला. मनीषाचं अक्षर गोल आहे. सदर इसम, त्याचे वडील व आजोबा हे या गावचे कायमचे रहिवासी असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखते. खाली शिक्का, मागोमाग मतदार यादीचं पान. लग्न करून गावात आलेली ती चंदरच्या आजाला व्यक्तिशः कशी ओळखेल, हा प्रश्न मी एरवी काढला असता. त्या दिवशी मी फक्त 'कायमचे' हा शब्द बघत होतो. चंदरच्या बापाने तीन हेलपाटे घातले ते याच एका शब्दासाठी.

"साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे," साहेब म्हणाला. "नुसतं नाव लिहा. पाटील नका लिहू."

मी नुसतं नाव लिहिलं.

निघताना गाडीच्या जाळीतून एक म्हातारा मला बोलावत होता, माझ्याच वयाचा. "चाचा, मेरे लिए भी एक फोन लगा दो."

"नंबर सांगा," मी फोन काढला.

त्याने डोळे मिटले. ओठ हलले. एक आकडा म्हणाला, दुसरा म्हणाला, मग थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्या आकड्याच्या पुढे त्याला जाता येईना. गाडी सुरू झाली तेव्हाही तो आकडे शोधत होता. तो कुठला, खरंच कुठला, मला माहीत नाही. खोटा असेल, खरा असेल. मी त्याबद्दल काही लिहू शकत नाही.

घर, गुरुवार

परतीच्या वाटेत चंदर फार बोलला नाही. टपरीवरचे तीन वडे त्याने उभ्यानेच खाल्ले होते. शहापूरच्या स्टँडवर मात्र तो फलकासमोर थांबला आणि विचारलं, "ह्ये काय लिवलंय, पाटीलबा?"

"हद्द आता सुरक्षित झाली, असं लिवलंय."

"कोनाची?" त्याने सरळ मनाने विचारलं. मी म्हटलं, "चल, गाडी आली."

दुपारी गावात उतरलो. घरी न जाता मी आधी मनीषाच्या ओट्यावर गेलो. ती भात पाखडत होती. पदर सावरून उठली, पाणी आणलं. मी प्यायलो आणि म्हटलं, "वाडीची नवी यादी करशील तेव्हा मला बोलीव. कोन कोनाचा पोरगा, कोन कधीपासून, मला तोंडपाठ हाय. माझ्या वहीत चूक हाय, ती तुझ्यात नको."

"उद्याच बसू, तात्या," ती म्हणाली. एवढंच.

मग चुन्याचा डबा आणि काळा रंग घेऊन शाळेवर गेलो. रंगारी नको म्हटलं, अक्षरं माझी आहेत, मीच पुसणार. माझ्या नंबरावर चुन्याचा हात मारला आणि वर मनीषाचा लिहायला घेतला. बुधी आकडे सांगत होती, मी काढत होतो. चंदर मागे उभा होता. लिहून झाल्यावर मी त्याला पुढे ओढलं.

"हं, म्हन आता."

त्याने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून म्हटलं. पहिले पाच बरोबर आले. सहाव्यापासून तो माझ्या जुन्या नंबरावर घसरला. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तिथेच घसरला. मी चिडलो.

"चंद्या, तो नंबर पुसला मी! समोर दिसत नाय का?"

"भितीवरचा पुसलात, पाटीलबा," तो म्हणाला. "माझ्यातला कसा पुसू?"

मी त्याचं बोट धरलं, पुन्हा पहिल्या आकड्यावर ठेवलं.